पाला गिळला की थुंकला

माझ्या लग्नाचं घोडं एका कानापाशी अडलं होतं. कान माझा नव्हे, होणाऱ्या नवऱ्याचा. लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, बदल्यात कपडे घेतो, लोक हसतात, फोटो निघतो. दोन मिनिटांचा मामला. पण आईचं म्हणणं एकच होतं, कान धीरजच पिळेल. चुलतभाऊ नको, मावसभाऊ नको. धीरज आला की लग्न. आणि धीरज गेल्याला नऊ वर्षं झाली होती.

देवळीच्या बसस्टँडजवळ आमचं बांगड्यांचं दुकान आहे. बाबा गेल्यावर आईनं चालवलं, आता मी चालवते. दुसऱ्यांच्या लग्नाचे हिरवे चुडे भरता भरता माझं वय वाढत चाललं आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला त्याची माझ्याहून जास्त काळजी. वडनेरचा राकेश बरेच दिवस थांबला होता. त्याचं मोटारपंपाचं दुकान आहे, माणूस गरीब स्वभावाचा आहे, मला आवडतो. त्याची आई मात्र गरीब स्वभावाची नाही. होळी झाली तसा तिनं निरोप धाडला, अक्षय तृतीयेपर्यंत काय ते सांगा, नाहीतर आम्ही दुसरी मुलगी पाहतो. तिचंही काही चुकलं नाही.

धीरज माझा मोठा भाऊ. आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि नदी ओलांडली की पलीकडे यवतमाळ, तिथे दुकानं उघडी. त्यामुळे अलीकडच्या बऱ्याच पोरांना मिसरूड फुटायच्या आधीच नदी पार करायचा धंदा लागतो. धीरज आणि त्याचा दोस्त भूपेंद्र त्यातलेच. बारावीची परीक्षा संपली न संपली आणि एक दिवस धीरज गेला तो आलाच नाही. भूपेंद्रनं सांगितलं, ट्रकवर बसून सुरतेला कामाला गेला. ठाण्यात तक्रार दिली, मामा सुरतेला जाऊन आला, हाती काही लागलं नाही. त्या उन्हाळ्यातच भूपेंद्र पुण्याला शिकायला निघून गेला आणि त्याचे आईबापही मागोमाग गेले. तेव्हापासून अनोळखी नंबर आला की आई पहिल्या घंटीला फोन उचलते आणि म्हणते, "धीरज?" पलीकडचा पोरगा विचारतो, लोन पाहिजे का. ती त्यालाच विचारते, जेवलास का बाबू.

तर हा भूपेंद्र दिग्दर्शक झाला. त्यानं सिनेमा काढला, तो परदेशात कुठंतरी दाखवला गेला, बक्षीस मिळालं, मग मोबाइलवर आला. देवळीत ज्याला त्याला त्याचं कौतुक. सिनेमाचं नाव मी घेणार नाही, माझी इच्छा नाही. मी तो दुकानातच पाहिला, काउंटरखाली फोन धरून, मधे मधे गिऱ्हाईक करत.

दोन पोरं आहेत त्यात. नदी आहे, हवा भरलेल्या टायरच्या ट्यूबवर बांधलेल्या दारूच्या पेट्या आहेत, पोरांना धमकावणारा एक माणूस आहे. एक पोरगा गप्प, विचारी, तो म्हणजे भूपेंद्र स्वतः, हे शेंबड्यालाही कळेल. दुसरा बडबड्या, उचापतखोर, आणि त्याला शर्टाची कॉलर चावायची सवय. धीरजच्या एकाही शर्टाची कॉलर धड नव्हती. शाळेच्या गणवेशाची कॉलर आई दर महिन्याला उलटवून शिवायची. भूपेंद्रनं तेवढं बरोबर लक्षात ठेवलं होतं. माझ्या हातात एका बाईचं मनगट होतं, बांगडी अर्ध्यावर, आणि मी तशीच थांबले. ती बाई ओरडली तेव्हा भानावर आले.

शेवट असा आहे. अंधारात नदीकाठी दोघांचं भांडण होतं. मग हायवेवरून एक ट्रक जातो, नुसते मागचे लाल दिवे. मग उजाडतं. गप्प पोरगा स्वतःच्या घराच्या दारात उभा आहे. आत जात नाही. अंगणातल्या कडुलिंबाची डहाळी तोडतो, चार पानं तोंडात टाकतो, चावतो. आतून त्याची आई पाण्याचा गडवा घेऊन येते. ती त्याच्याकडे बघते, तो तिच्याकडे. आणि काळोख. संपलं.

राकेशनं मला दोन व्हिडिओ पाठवले. हल्ली सिनेमाचा शेवट समजावून सांगणारे लोक असतात, त्यांचा तोच धंदा. एक पुण्याचा दाढीवाला म्हणत होता, मित्र ट्रकनं नव्या जगात जातो आणि नायक पाडव्याचा कडुलिंब खाऊन नवं वर्ष सुरू करतो, म्हणजे बालपण संपलं. दुसरी एक मुलगी म्हणत होती, कडू सत्य पचवणं म्हणजे मोठं होणं. सिनेमात आधी एकदा कोणाच्या तरी दारावर गुढी दिसते, तेवढ्यावर दोघांची गाडी पाडव्याकडे वळली होती. राकेशनं खाली लिहिलं होतं, बघ, धीरजभाऊ ट्रकवर चढले, असंच आहे ना?

मला त्याचा इतका राग आला की मी फोन बंद करून ठेवला. बिचाऱ्याचा काय दोष.

कडुलिंबाचा पाला आम्ही दोनदा तोंडात घालतो. एकदा पाडव्याला, गुळासोबत, गिळून टाकायचा. आणि एकदा मयतीहून आल्यावर. तो दाराबाहेर चावायचा, थुंकायचा, पायावर पाणी घ्यायचं, तेव्हा उंबरा ओलांडायचा. हे काही गुपित नाही, देवळीत लहान लेकराला माहीत आहे. पण सिनेमा नेमका चावण्याच्या मधेच तोडला होता. पोरगा गिळतो की थुंकतो, दाखवलंच नाही. गडव्यातलं पाणी प्यायला की पायाला, तेही नाही. गिळला असेल तर माझा भाऊ सुरतेला. थुंकला असेल तर माझा भाऊ नाही.

मी तो तुकडा इतक्या वेळा पाहिला की फोन तापायचा. पोराच्या गालाची हालचाल पाहायची, गळ्याची घाटी हलते का पाहायची. दुकानात मन लागेना. दोन-चारच्या मापाच्या जागी दोन-सहाच्या बांगड्या दिल्या, एक डझन हातातून पडून फुटल्या. घरी गेले की दुकानात यावंसं वाटे, दुकानात आले की घरी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, मला काय पाहिजे तेच मला कळत नव्हतं. तो थुंकला असेल तर आईचा हट्ट संपतो, माझं लग्न होतं. हा हिशोब माझ्या डोक्यात एकदा आला तो जाईना. स्वतःच्या भावाला मारून मांडवात उभी राहणारी बहीण, अशी मला माझी किळस यायची, आणि पाच मिनिटांनी पुन्हा तोच हिशोब.

शेवटी मी भूपेंद्रचा नंबर मिळवला आणि फोन केला. त्यानं ओळखलं. कशी आहेस दिपाली, काकू कशा आहेत, सगळं अगदी पुणेरी स्वच्छ बोलणं. मी सरळ विचारलं, शेवट काय आहे. तो म्हणाला, शेवट त्याला मोकळाच ठेवायचा होता, प्रेक्षकांनी आपापला अर्थ लावावा. मी म्हटलं, मी प्रेक्षक नाही, मी बहीण आहे. त्यानं फोन ठेवला. परत लावला तर उचलला नाही.

आईला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. पण पुढच्याच आठवड्यात भोंगा लावलेला ऑटो गावभर फिरला. देवळीचे सुपुत्र भूपेंद्र यांचा जाहीर सत्कार, मंगल कार्यालयात, सोबत चित्रपट मोफत. आई पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं ठेवलं आणि म्हणाली, आपल्याला जायचं आहे. मी म्हटलं, फालतू सिनेमा आहे, शिव्या आहेत त्यात. ती म्हणाली, इतकी वर्षं बांगड्या विकल्या मी, मला शिव्या शिकवू नकोस. मी म्हटलं, माझं डोकं दुखतं. ती म्हणाली, तू घरी राहा. शेवटी माझी सगळी शस्त्रं संपली तेव्हा ती एकच वाक्य बोलली.

"माह्या पोराचा दोस्त आहे तो. धीरजची काही खबर असंन त्याच्यापाशी, फोनवर सांगता येत नसंन."

मंगल कार्यालय तेच, जिथे देवळीतली निम्मी लग्नं लागतात. स्टेजवर अजून कोणाच्या तरी लग्नाची कागदी फुलं लटकत होती, त्यांच्यासमोरच पडदा लावला होता. दुपारचं ऊन खिडक्यांना पडदे लावून अडवलं होतं तरी आत येत होतं. आई बायकांच्या रांगेत दुसऱ्या खुर्चीवर बसली, ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसून. भूपेंद्र स्टेजवर होता. पातळ झाला होता, दाढी वाढवली होती. आईला पाहिलं तशी त्यानं नजर काढून घेतली. आईनं हात हलवला. त्यानं नाही हलवला.

सिनेमा सुरू झाला. लोक शिट्ट्या मारत होते, आपला पूल दिसला की, आपलं बसस्टँड दिसलं की. त्या बडबड्या पोरानं पहिल्यांदा कॉलर तोंडात धरली आणि आईनं माझा हात पकडला. हसत होती ती. खरंच हसत होती, तोंडाला पदर लावून. इतक्या वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं, आणि मला पळून जावंसं वाटलं. पुढचा सगळा वेळ तिनं हात सोडला नाही. ट्रकचे दिवे गेले तेव्हा ती हळूच म्हणाली, "गेला." मग दार आलं, कडुलिंब आला, गडवा आला. काळोख. तिचा हात माझ्या हातात तसाच होता, पण आता त्यात जीव नव्हता.

दिवे लागले. शाल, नारळ, हार. मग हरिदास सर उठले. ते आमच्या शाळेचे जुने मुख्याध्यापक, त्यांच्या हाती माइक गेला की लोक चहा प्यायला बाहेर जातात. त्यांनी शेवटाचा अर्थ सांगितला. पाडवा म्हणजे नवं वर्ष, कडुलिंब म्हणजे आरोग्य, तरुणांनी वाईट मार्ग सोडून नवी सुरुवात करावी हाच संदेश. टाळ्या पडल्या. भूपेंद्र मान खाली घालून नारळाची शेंडी कुरवाळत होता. कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा, असं सूत्रसंचालन करणारा म्हणाला.

मी उभी राहिले. ठरवलं नव्हतं. पायच उभे राहिले.

"त्या पोरानं पाला गिळला का थुंकला?"

हॉल हसला. मागून कोणीतरी म्हणालं, चूळ भरली म्हणा. भूपेंद्र हसला नाही. त्यानं माइक हातात घेतला आणि तेच फोनवरचं स्वच्छ बोलणं सुरू केलं, की हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण उत्तर सिनेमाच्या बाहेर नाही, ते ज्याच्या त्याच्या मनात आहे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी अजून काही बोलणार तेवढ्यात आईनं माझा पदर ओढून मला खाली बसवलं आणि स्वतः उठली. तिला माइक दिला तो तिनं घेतला नाही.

"बेटा," ती म्हणाली, "पोट्ट्यानं आधी आंघोळ केल्ती का?"

पुढच्या रांगेतले एकदोघं पुन्हा हसायला लागले आणि थांबले. बायकांच्या रांगेत आधी कळलं. पाडव्याचा पाला आंघोळीनंतर खातात. मयतीचा आधी चावतात, आंघोळ मागून. एकेक करून बायका आईकडे वळल्या आणि मग सगळ्या भूपेंद्रकडे. तो माइक हातात धरून उभा होता. ओठ हलत होते. मला वाटलं आता परत तो म्हणणार, ज्यानं त्यानं ठरवावं. म्हणाला असता तर मी स्टेजवर चढून त्याच्या थोबाडीत दिली असती.

"नाई केली, काकू," तो म्हणाला. पुणेरी बिणेरी सगळं गळून पडलं होतं. "नाई केली."

आईनं मान हलवली. जशी दुकानात गिऱ्हाइकानं भाव मान्य केल्यावर हलवायची तशी. मग ती रांगेतून बाहेर पडली, चपला घातल्या आणि चालू लागली.

बाहेर ऊन उतरत आलं होतं. ती इतकी भराभर चालत होती की मला गाठणं जड जात होतं. रस्त्यात कोणी रामराम केला, तिनं घेतला. सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेल्या गाडीमुळे चौकात थांबावं लागलं तर ती एका जागी पाय हलवत उभी राहिली. मागं वळून पाहिलं तर भूपेंद्र येत होता, खांद्यावर सत्काराची शाल तशीच, हातात नारळ. गाडी गेली तशी आई पुन्हा निघाली.

घरापाशी आल्यावर मी कुलपाला किल्ली लावली. आई पायरीवर चढली नाही.

"समोरच्या झाडाचा पाला तोड," ती म्हणाली. "आन् आतून पाणी आण. पण हा उंबरा नोको ओलांडू, मागच्या दारानं जाजो."

मी डहाळी तोडून आणली. चैत्राच्या आधीचा कोवळा पाला, तांबूस. तिनं पानं ओरबाडून तोंडात घातली, चावली, चेहरा जराही वाकडा न करता, आणि बाजूला थुंकली. मला दिला. मी चावला. इतका कडू लागेल असं वाटलं नव्हतं. थुंकले तशी रडायला लागले. तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की मला तो पाहिजे होता. जिवंत. कान पिळायला, कॉलर चावायला, दुकानात येऊन उधारीवर रुबाब करायला. तो हिशोब खोटा होता, निदान पूर्ण खरा नव्हता.

भूपेंद्र गल्लीच्या तोंडाशी उभा होता. आईनं त्याला हातानं बोलावलं. तो आला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्या वेळी वरून धरणाचं पाणी सुटलं होतं आणि त्यांना माहीत नव्हतं. ट्यूब उलटली. धीरज पेट्या सोडायला तयार नव्हता. त्यावरून भांडण झालं ते पाण्यातच, आणि धीरज बुडाला. ज्याच्यासाठी ते माल आणायचे त्या माणसानं पलीकडच्या काठावर लाकडं रचायला लावली आणि सांगितलं, तोंड उघडलं तर तूही इथंच. तो माणूस पुढे मेला. मग भूपेंद्रला कोणाची भीती होती, असं मी विचारलं. तो म्हणाला, तुमची. पहाटे तो स्वतःच्या दारात पाला चावत उभा होता तेव्हा त्याच्या आईनं विचारलं, हे काय रे. त्यानं सांगितलं, पाडवा जवळ आला, चव पाहून राह्यलो. तिनं हसून त्याला पाणी दिलं आणि त्यानं ते पायावर घेण्याऐवजी पिऊन टाकलं. पाला त्याच्या पोटात गेला.

म्हणजे त्यानं गिळला होता. इतके दिवस मी फोनवर डोळे फोडून जे शोधत होते ते हे.

"जागा दाखवशील?" आईनं विचारलं.

"दाखवतो."

"उद्या ठाण्यात चाल माह्यासंग. जे झालं ते तिथं सांगजो. मंग जे होईन ते होईन." ती थांबली, तिला दम लागला होता. "आन् दिपालीचं लग्न अक्षय तृतीयेले आहे. कान पिळाले तू येजो. सुटून येजो, नाई तं पोलिसाले संग घेऊन येजो, पण येजो. तुह्याशिवाय आता कोणाले धरू मी?"

मी तिच्याकडे पाहतच राहिले. मला ते मान्य नव्हतं. याचा हात माझ्या लग्नात, ज्यानं नऊ वर्षं माझ्या आईला प्रत्येक लोनवाल्याला जेवलास का विचारायला लावलं, त्याचा? ही माफी होती की शिक्षा, मला कळेना, आणि आईला विचारायची सोय नव्हती. ती पायरीवर बसून लुगडं वर धरून पाय पुढं करत होती.

मी मागच्या दारानं गेले, गडवा भरून आणला. आधी आईच्या पायांवर पाणी घातलं, मग माझ्या. आई उठून आत गेली, दिवा लावायला. भूपेंद्र तिथंच उभा होता. गडव्यात पाणी शिल्लक होतं आणि तो त्याकडे पाहत होता.

"डहाळी घे," मी म्हटलं.

त्यानं नारळ ओट्यावर ठेवला. पानं तोडली, तोंडात टाकली, चावली. त्याच्या गळ्याची घाटी हलेल का म्हणून मी पाहत होते. तो वाकला आणि थुंकला. मग रडत बूट काढायला लागला, नाडी सुटेना.

"पाय पुढं कर नीट," मी म्हटलं. "शाल भिजते."

आणि पाणी ओतलं.